धडा पाचवा, गुण एकोणसाठ

वचनदीप पत्रशाळा, नांदेड
६ सप्टेंबर १९८२

प्रभूमध्ये प्रिय भगिनी पंचफुला लिंबाजी कांबळे,
मु. तळेवाडी, देवणीजवळ, जि. उस्मानाबाद

सलाम.

आपली धडा पाचवा, ‘प्रार्थना’, याची उत्तरपत्रिका मिळाली. पहिले चार धडे आपण बऱ्यापैकी सोडवले, चौथ्यात तर बहात्तर गुण. पाचवा हा अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा, आणि त्यात आपल्याला शंभरापैकी एकतीस पडले आहेत. का ते सांगतो, म्हणजे मनात किंतु राहणार नाही.

प्रश्न पहिला: प्रार्थनेचे भाग किती व कोणते? उत्तर: चार. स्तुती, पापकबुली, उपकारस्मरण आणि विनंती. आपण लिहिलंत, ‘मोजले न्हाईत.’ आता यावर मी काय बोलावं?

प्रश्न तिसरा: प्रार्थना कोणत्या वृत्तीने करावी? उत्तर: नम्रतेने, विश्वासाने, धीराने. आपण लिहिलंत, ‘आडात घागर बुडंना तवा मी म्हणलं, देवा, मी तुझ्यावर रागावले हाय. मंग बरं वाटलं.’ बाई, देव म्हणजे काय आपले दीर आहेत? रागावणे ही प्रार्थनेची वृत्ती नव्हे. तसा शेरा मारून शून्य दिलं आहे.

उत्तीर्ण व्हायला साठ लागतात. एका धड्याला तीनदा बसता येतं, नंतर नाव कमी होतं. मी निवृत्त शिक्षक आहे, बायबलच्या या टपाल-अभ्यासक्रमाचे पेपर बावीस वर्षं तपासतो आहे. चार हजारांवर माणसं माझ्या लाल पेन्सिलीखालून गेली, पण ‘मोजले न्हाईत’ हे उत्तर पहिलंच. धडा नीट वाचून पुन्हा लिहा.

आपला,
ग्यानोबा नरसिंग सूर्यवंशी, परीक्षक

*

तळेवाडी
१९ सप्टेंबर १९८२

मास्तरसाहेबांना पंचफुलाचा सलाम.

पहिली गोष्ट, पाकिटावर आता उस्मानाबाद लिहू नका. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी आमचा जिल्हा लातूर झाला. आमचे दुकानदार सिद्धराम अप्पा म्हणतात, जिल्हा जवळ आला आन पाऊस लांब गेला. खरंच हाय. पिवळी पडली जवारी, आडाचा तळ दिसायलाय. आमचे मालक दुष्काळी कामावर खडी फोडून राहिलेत.

दुसरी गोष्ट, देव माझा दीर न्हाई हे मला ठाऊक हाय. दिरावर मी रागावतच न्हाई, कारण त्याच्याशी मी बोलत न्हाई. ज्याच्याशी बोलणं हाय त्याच्यावरच माणूस रागावतंय का न्हाई, तुम्हीच सांगा.

आता माझी अडचण ऐका. दर रविवारी आमच्या अंगणात नऊ घरं उपासनेला जमतात. पाळकसाहेब दोन महिन्याला एकदा येतात. बाकीचे रविवार मी चालवते, गेली अकरा वर्षं. पण आता जिल्हा नवा, तसे मंडळीचे कायदेबी नवे निघाले. पत्रशाळेचं प्रमाणपत्र असल्याबिगर कुणी उपासना चालवायची न्हाई. येत्या ईस्टरपतोर माझं प्रमाणपत्र आलं न्हाई तर आमचं अंगण बंद, आन समद्यांनी देवणीच्या देवळात जायचं. देवणी इथून तीन कोस. तरणी माणसं जातील हो. पण आमच्या शेजारची लक्ष्मम्मा सत्तरीची हाय, तिकडून कर्नाटकातून लगीन होऊन आलेली, दोन्ही गुडघे गेलेले. रविवार सोडून तिच्याजवळ आठवड्यात दुसरं काहीच न्हाई.

म्हणून मी लिहिते पुन्हा. चार भाग बी पाठ करते. माझी गाय चांदणी गाभण हाय, तिला वैरण घालता घालता पाठ करते.

तुमची,
पंचफुला

*

नांदेड
२२ नोव्हेंबर १९८२

प्रिय भगिनी,
सलाम.

(जिल्हा लातूर लिहिलं आहे. खात्री करून घ्या.)

आपली दुसरी उत्तरपत्रिका तपासली. आनंदानं सांगू की दुःखानं, मलाच कळत नाही. चार भाग अगदी बिनचूक. अक्षरही सुधारलं. आणि एकूण गुण एकोणसाठ.

एक कमी! आणि तो कशापायी? पुन्हा तिसरा प्रश्न! आपण लिहिलंत, ‘नम्रतेनं, विश्वासानं, धीरानं, आन राग आला तर रागानं.’ अहो बाई, पहिल्या तीन शब्दांवर थांबला असतात तर दहापैकी दहा होते. उत्तरात चुकीचं मिसळलं तर त्या प्रश्नाला पूर्ण शून्य, असा आमचा नियम आहे. चौथा शब्द घालून आपण आपल्याच हातानं दहा गुण घालवले.

माझी बायको सिंधु म्हणाली, ‘एक मार्क वाढवला तर तुमच्या घरचं काय जातंय?’ तिला म्हटलं, बावीस वर्षांत कुणाला फुकटचा अर्धा गुण दिला नाही. त्यावर ती म्हणाली, ‘घेतलाही नाही कुणाकडून,’ आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती असं काहीतरी बोलून जाते.

आपल्या अंगणाची मला काळजी आहे, खोटं सांगत नाही. म्हणूनच या धड्याचा मार्गदर्शनाचा कागद सोबत ठेवतो. तो वाचून तिसऱ्यांदा लिहा. आता ही शेवटची संधी. कृपा करून राग बाजूला ठेवा.

आपला,
ग्या. न. सूर्यवंशी

*

तळेवाडी
५ डिसेंबर १९८२

मास्तरसाहेबांना सलाम.

मास्तर, काय करून बसलात हो! तुमच्या पाकिटातून मार्गदर्शनाचा कागद निघालाच न्हाई. निघाली ती पाचव्या धड्याची नमुना उत्तरं. वर ठळक लिहिलेलं, ‘फक्त परीक्षकासाठी’. ते मी सगळं वाचून झाल्यावर वाचलं. मला वाटलं हेच मार्गदर्शन, म्हणून रविवारी अंगणात मोठ्यानं वाचून बी दाखवलं. लक्ष्मम्मा दुसऱ्या पानावर घोरायला लागली. शेवटी जागी झाली आन म्हणली, ‘लई छान हाय. पण हे कुणाशी बोलायचं?’

आमचे मालक म्हणले, ‘देवानंच धाडलं समज. उतरून काढ, शंभर पडतील.’ मास्तर, मी ताकाला येऊन भांडं लपवत न्हाई. प्रमाणपत्र मला पायजेच. त्यासाठी माझा जीव खालीवर होतोय. पण रविवारी ‘चोरी करू नको’ म्हणायचं, आन ते चोरीच्या मार्कावर उभं राहून म्हणायचं, हे मला जमायचं न्हाई. आता मी काही बी लिहिलं तरी ते तुमच्या कागदातलंच होणार. म्हणून कागद परत धाडते, आन तिसरा पेपर लिहीत न्हाई. नाव कमी करायचं असंल तर करा.

कागदात एक बी चूक न्हाई. लई अभ्यासाचं काम हाय. पण एक विचारू का? बावीस वर्षं तुम्ही लोकांच्या प्रार्थनेला मार्क देऊन राहिलात. तुम्ही स्वतः कधी देवावर रागावलात का?

राग मानू नका.

पंचफुला

*

नांदेड
३ जानेवारी १९८३

पंचफुलाबाई,
सलाम.

महिना झाला उत्तराला. कारण सरळ आहे, तुमचा प्रश्न वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पत्र टराटरा फाडणार होतो. पण तो कागद पाकिटात घालणारा गाढव मीच, तेव्हा फाडायचा तर स्वतःचा सदरा फाडायला हवा. सिंधुला सांगितलं तर ती पोट धरून हसली. इतकी हसलेली मी तिला पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती.

चूक माझी आहे. तिची शिक्षा तुम्हाला होऊ देणार नाही. नाव कमी करत नाही. काय करता येतं ते बघतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मी देवावर कधीही रागावलो नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटायला हवा होता.

काल सकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा घड्याळ समोर ठेवलं, खरं सांगतो. स्तुती, पापकबुली, उपकारस्मरण, विनंती. सहा मिनिटांत चारही भाग यथासांग झाले. डोळे उघडले तर सिंधु दारात उभी. म्हणाली, ‘झाली का हजेरी?’

चहा गार होईपर्यंत मी तिथंच बसून होतो.

ग्या. न. सूर्यवंशी

*

तळेवाडी
२० जानेवारी १९८३

मास्तर, सलाम.

माझ्या जिभेला हाड न्हाई, माफी करा. पण सिंधुबाई हसल्या हे वाचून मला लई बरं वाटलं. त्यांना माझा सलाम सांगा.

तुम्ही सहा मिनिटाचं लिहिलं म्हणून मी बी माझं सांगते. उदगीरच्या बोर्डिंगात मी चौथीपतोर शिकले. तिथं प्रश्नोत्तरांचं पुस्तक होतं, देव कोण, पाप काय, तारण कसं. मी समदं घडाघडा म्हणायची. एकदा बक्षीस म्हणून कंगवा मिळाला. देव म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं मोठ्या बाई आन तो कंगवा यायचा, दुसरं काही न्हाई.

मंग लगीन झालं. पहिल्या बाळंतपणात तीन दिवस अडले. सुईणीनं हात टेकले. पाठ केलेलं एक बी वचन आठवंना. मी नुसतं ‘आई गं, आई गं’ करून राहिले. तिसऱ्या दिवशी असं झालं की कुणीतरी उशाला येऊन बसलंय. दिसलं काही न्हाई. पण बसलंय, आन ते उठून जाणार न्हाई, एवढं पक्कं कळलं. तवापासून तो हाय. बोर्डिंगात शिकले ते समदं मंग हळूहळू आठवलं, आन खरं निघालं. म्हणून मी धड्याला नावं ठेवत न्हाई.

पण मास्तर, कधीच रागावलो न्हाई असं म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी सांगायचं राहून गेलेलं असतंय. माझा अंदाज हाय. चुकला तर शून्य द्या.

आडाचं पाणी संपलं. टँकर येतो तवा येतो. अप्पांनी चांदणीसाठी कडब्याच्या वीस पेंढ्या दिल्या. पैसे घेईनात. म्हणले, माझा देव मला विचारंल, जित्राब उपाशी ठेवलंस का म्हणून.

पंचफुला

*

नांदेड
१४ फेब्रुवारी १९८३

प्रिय पंचफुलाबाई,
सलाम.

अंदाज बरोबर आहे. दहापैकी दहा.

मी उमरीला शिक्षक होतो तेव्हा आम्हाला एक मुलगी होती. नाव सुवार्ता. सहा वर्षांची. साठ साली पावसाळ्यात घटसर्पानं गेली. चार दिवस ताप, आणि संपलं. नदीला पूर होता, पाळकसाहेब येऊ शकले नाहीत, म्हणून मातीच्या वेळी मीच बोललो. पुनरुत्थानाच्या आशेवर पाच मुद्दे. लोक म्हणाले, काय विश्वास मास्तरांचा! मी रडलो नाही. सिंधु माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून प्रार्थनेला ती माझ्या शेजारी बसते, पण तोंड उघडत नाही. त्याच वर्षी मी पेपर तपासायचं काम घेतलं.

ते पाचही मुद्दे खरे होते. आजही खरे आहेत. पण ते मी कुणाला सांगत होतो, कोण जाणे.

बस, पुरे. कामाचं बोलतो. आमच्या नियमांत एक जुनं कलम सापडलं: ज्याला लिहिणं शक्य नाही त्याची तोंडी परीक्षा घेता येते, आणि प्रश्न परीक्षकानं नवे काढायचे. तुम्हाला लिहिणं शक्य नाही ते माझ्या चुकीमुळे, तेव्हा कलम लागू होतं. शनिवारी, ५ मार्चला मी तळेवाडीला येतो. ईस्टर ३ एप्रिलला आहे, वेळ पुरेल. प्रश्न अवघड असतील, सांगून ठेवतो.

ग्यानोबा सूर्यवंशी

*

तळेवाडी
१० मार्च १९८३

मास्तर, सलाम.

तुमची तब्येत बरी हाय का? पाच दिवस झाले, रोज टपालवाल्याला विचारते.

तुम्ही आलात, बाजेवर बसलात, पाणी प्यालात, आन पहिला प्रश्न विचारायला चष्मा पुसून राहिलात, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. मी काय करू? आठ दिवसांनी आलेला. ‘मास्तर, जरा गायीकडं बघा’ म्हणून घागरी घेऊन पळाले. तिथं ही झुंबड! दोन तासांनी चार घागरी घेऊन येते तर गोठ्यात कालवड उभी, चांदणी तिला चाटून राहिली, अप्पा हात धुवायला पाणी मागतायत, आन तुमचा पत्ता न्हाई. परीक्षा बी न्हाई.

लक्ष्मम्माला विचारलं तर ती म्हणते, ‘मास्तर मोठ्यानं भांडला, मंग रडला, मंग शेणात पडला, मंग हसला, मंग एसटीला गेला.’ ऊन लागलं का तुम्हाला? का अप्पांशी काही बोलाचाली झाली? अप्पा तर नुसते हसतात आन म्हणतात, मास्तर कामाचा माणूस हाय.

माझ्यावर रागावून गेला असाल तर बरोबरच हाय. एवढ्या लांब आलेल्या परीक्षकाला मी गाय राखायला बसवलं. प्रमाणपत्राचं आता मी विचारत न्हाई. लक्ष्मम्माला मी अजून काही सांगितलं न्हाई. ती ईस्टरला कुठलं गाणं म्हणायचं ते ठरवून बसलीय.

तुम्ही खुशाल हाय एवढं कळवा.

पंचफुला

*

नांदेड
१७ मार्च १९८३

प्रिय बहीण पंचफुला,
सलाम, सलाम, सलाम!

मी ठणठणीत आहे. ऊन लागलं नाही. न सांगता निघालो, माझं चुकलं. पण थांबलो असतो तर बोलता आलं नसतं, आणि जे बोलायचं होतं ते आधी सिंधुला सांगायचं होतं. आता क्रमानं ऐका.

तुम्ही ‘गायीकडं बघा’ म्हणून पळालात. अहो, मी मास्तर! मी गाय आयुष्यभर फळ्यावर काढली, चार पाय आणि एक शेपूट. ही खरी गाय खाली बसली, पाय ताणले आणि हंबरायला लागली. लक्ष्मम्मानं हाका मारून अप्पांना बोलावलं. अप्पांनी तेल लावून हात घातला आणि म्हणाले, वासराचा एक पाय पुढं आलाय, दुसरा आत मुडपलाय. अर्धा तास झाला, हालचाल नाही. चांदणीचे डोळे पांढरे व्हायला लागले. अप्पांनी गळ्यातलं लिंग कपाळाला लावलं आणि मला म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही देवाची माणसं. म्हणा कायतरी.’

मी उभा राहिलो. धोतर सारखं केलं. डोळे मिटले आणि सुरू केलं, ‘हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, स्वर्ग व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्या...’ स्तुतीचा भाग पहिला, नाही का! तर अप्पा खालून ओरडले, ‘मास्तर, आखूड करा, गाय थांबंना!’

लक्ष्मम्मा गायीचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होती, ‘देवरे, बा. देवरे, बा.’ तिच्या कन्नडात ‘देवा, ये’. मला दुसरं काही सुचेना. मी पण म्हटलं, ‘देवा, ये.’ अप्पांनी वासराच्या पायाला बांधलेली दोरी माझ्या हातात दिली होती, म्हणाले, मी सांगितलं की ओढा. मी ओढत होतो आणि म्हणत होतो, ये, ये. आणि पंचफुलाबाई, त्या ‘ये’च्या मागून जे बाहेर आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. ‘ये की! तवा का आला न्हाईस? माझी पोर तापानं जळत व्हती तवा कुठं व्हतास? मी तुझी बाजू घेऊन बोललो, पाच मुद्दे बोललो, आन तू एकदा बी आला न्हाईस!’ नायगावकडची माझ्या आईची बोली, बारा वर्षांचा असताना शाळेत सोडलेली. अप्पांना वाटलं मी त्यांच्यावर ओरडतोय. म्हणाले, ‘अहो, आलोय की मी!’

आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. पण माझं भांडण भिंतीशी चाललेलं नाही, समोर कुणी आहे, एवढं मला कळलं. आणि मी रडतोय तसा तोही रडतोय. उमरीच्या त्या मातीपाशीही तो असाच उभा असणार. मी मुद्दे मोजत होतो, मान वर करून पाहिलंच नाही. मोठ्यानं रडलो, बाई. साठ साली रडायचं ते सगळं रडलो.

तेवढ्यात अप्पा ओरडले, ‘ओढा!’ आतला पाय सरळ झाला होता. मी जीव खाऊन ओढलं, कालवड सुळकन बाहेर आली, मी पाठीवर शेणात आणि कालवड माझ्या पायांवर. लक्ष्मम्मा हसायला लागली, अप्पा हसले, मी हसलो. मग मी म्हटलं, ‘देवा, चुकलं माझं. लई उपकार झाले.’ एसटीत बसल्यावर ध्यानात आलं, चारही भाग झाले की! विनंती, मग ही पापकबुली, मग उपकार, आणि देवणीपासून उदगीरपर्यंत खिडकीत बसून नुसती स्तुती. क्रम तेवढा चुकला. शेजारचा माणूस वासामुळं उठून मागं गेला.

घरी सिंधुनं दार उघडलं, माझं धोतर पाहिलं आणि घाबरली. मी तिथंच उंबऱ्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं माझ्या खांद्यावरचं शेण झटकलं. मग म्हणाली, ‘मी कधीपासून वाट बघतेय.’ आम्ही दोघं बसलो आणि ती बोलली. देवाला बोलली, आणि निम्मं मला.

आता हिशेबाचं. तोंडी परीक्षेची गरज उरली नाही. मी तुमची दुसरी उत्तरपत्रिका काढली, नमुना उत्तरं तुमच्या हाती पडण्याआधीची. तिसरा प्रश्न पुन्हा तपासला. स्तोत्रं मला सगळी पाठ आहेत, आणि त्यांत निम्मी माणसं देवाशी तोंडावर भांडताहेत. हे मला बावीस वर्षं माहीत होतं, आणि मी विचारत काय होतो, तर स्तोत्रे एकंदर किती! तुमचं उत्तर बरोबर होतं. शून्य खोडून दहा केले आहेत आणि समासात लिहिलं आहे, ‘परीक्षकाची चूक.’ एकूण एकोणसत्तर. फुकटचा अर्धा गुणही दिलेला नाही. प्रमाणपत्र सोबत आहे. जिल्हा लातूर.

आणखी दोन वस्तू आहेत, या वेळी पाकीट तीनदा तपासून घातल्या. एक, धडा पाचवा मी स्वतः सोडवला आहे, त्याची उत्तरपत्रिका. दुसरी, माझी लाल पेन्सिल. तपासून पाठवा.

तुमचा भाऊ,
ग्यानोबा

*

तळेवाडी, जिल्हा लातूर
४ एप्रिल १९८३

ग्यानोबादादांना पंचफुलाचा सलाम.

जिवात जीव आला. पत्र वाचून मी आधी रडले, मंग शेणाचं वाचून हसले, मंग पुन्हा रडले. मालकांनी विचारलं, पास का नापास? मी म्हणलं, दोघं बी पास.

प्रमाणपत्राला अप्पांनी काच बसवून दिली. काल ईस्टरला अंगणात नऊ घरं होती, आन अप्पा बी कुडापाशी उभे राहिले, गाय बघायला आलो म्हणून. लक्ष्मम्मानं ठरवलेलं गाणं म्हणलं, दोन ओळी विसरली, त्या कन्नडात घातल्या. मी तुमचे चार भाग समद्यांना शिकवले, कोणत्या बी क्रमानं चालतंय म्हणून सांगितलं. कालवडीचं नाव मास्तरीण ठेवलंय. लई खोडील हाय.

आता तुमची उत्तरपत्रिका. सकाळी जवारी निवडायचं सोडून ती तपासली. पहिल्या दोन प्रश्नात एक बी चूक न्हाई, पुस्तकातलंच हाय, पण या टायमाला तुम्हाला ठाऊक असून लिहिलंय ते कळतंय. तिसऱ्याला दहापैकी दहा. ‘राग आला तर रागानं’ हे माझ्याकडून उतरून काढलंत, पण त्याची चोरी धरत न्हाई.

गुण कापलेत ते चौथ्या, पन्नास मार्काच्या प्रश्नाला, एकदम एक्केचाळीस. ‘अनुभवाचे उदाहरण द्या.’ तुम्ही गायीचं दोन पानं लिहिलं. आन सिंधुबाई त्या दिवशी देवाशी काय बोलल्या, ते एका ओळीत गुंडाळलं, ‘पत्नीनेही प्रार्थना केली.’ दादा, जी इतकी वर्षं बोलली न्हाई तिचं बोलणं एका ओळीत बसतंय का?

एकूण गुण एकोणसाठ.

वाढवता आला असता एक. मालक बी म्हणले, वाढव की, तुझ्या घरचं काय जातंय? पण नियम म्हणजे नियम. तो एक मार्क सिंधुबाईंजवळ हाय. त्यांना घेऊन तोंडी परीक्षेला या. भाकरी इथं खायची, दूध मास्तरणीनं ठेवलं तर. तोपतोर लाल पेन्सिल मी ठेवून घेतली हाय.

तुमची बहीण,
पंचफुला लिंबाजी कांबळे, परीक्षक